भुसावळ ते कुट्टनाड : खान्देशकरांसाठी केरळचा दहा दिवसांचा बेत

रावेरहून सावद्याकडे निघालं की गाव संपतं, केळीच्या बागा लागतात, बराच वेळ नुसतं शिवार, आणि मग पुढचं गाव. आपल्या डोळ्यांना हीच सवय. केरळात पहिल्यांदा एर्नाकुलमहून बसनं निघालो तेव्हा वडील खिडकीशी बसले होते. तासभर बाहेर बघून त्यांनी विचारलं, "हे गाव सरीन कधी रे?" गाव सरलंच नाही. घर, नारळ, विहीर, दुकान, चर्च, शाळा, पुन्हा घर. पन्नास किलोमीटर हेच.

केरळचा बेत आखताना ही एक गोष्ट आधी समजून घ्या, बाकीचं तिच्यातून आपोआप सुटतं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात दर चौरस किलोमीटरला ३६५ माणसं होती, केरळात ८६०. आपल्याकडे पाणी कमी, म्हणून माणसं तापी-गिरणेच्या आणि विहिरींच्या आधारानं एका जागी गाव करून राहिली आणि शेतं बाहेर ठेवली. तिकडे वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस. ज्याच्या त्याच्या अंगणात विहीर, त्यामुळे ज्यानं त्यानं आपल्याच तुकड्यात घर बांधलं. घराभोवतीच्या त्या जागेला ते परंबु म्हणतात. त्यात नारळ, फणस, चार केळी आणि झाडावर चढवलेला मिरीचा वेल. गावठाण आणि शिवार असा भेदच नाही.

प्रवाशासाठी याचा अर्थ असा, की नकाशावरचं अंतर तिथे फसवतं. शंभर किलोमीटरला आपण दीड-दोन तास धरतो, तिकडे साडेतीन धरा. पण चहा, जेवण, बस आणि औषधाचं दुकान कधीच दूर नसतं.

आमची पहिली सहल याच हिशोबानं फसली. एका ट्रॅव्हलवाल्यानं पाच दिवसांत मुन्नार, तेक्कडी, आलेप्पी, कोवळम आणि कन्याकुमारी बसवून दिलं होतं. कागदावर छान दिसत होतं. प्रत्यक्षात रोज सहा-सात तास गाडीत, आईला दोन्ही घाट लागले, आणि कन्याकुमारीला पोचेपर्यंत सूर्य बुडालेला. दुसऱ्या वेळी मी बेत स्वतः आखला, तोच इथे देतोय. एकच पट्टा धरायचा : समुद्र, डोंगर आणि मधलं पाणी. कोची, मुन्नार, कुट्टनाड. राज्य लांबीला जवळजवळ ५९० किलोमीटर किनाऱ्याचं असलं तरी रुंदीला जास्तीत जास्त सव्वाशेच्या आसपास. म्हणून आडवं गेलात तर दोन-तीन दिवसांत सगळी रूपं दिसतात. उभं गेलात तर नुसता हायवे दिसतो.

कधी निघायचं

माझं मत ठाम आहे : जानेवारीचा दुसरा पंधरवडा. कपाशीची वेचणी आटोपलेली असते, तिकडे हवा कोरडी असते आणि नाताळची गर्दी ओसरलेली असते. दिवाळीच्या सुट्टीत बरेच जण जातात, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात केरळात पावसाचा दुसरा हंगाम असतो, त्याला ते तुलावर्षम् म्हणतात. दुपारनंतर ढग भरून येतात आणि विजा कडाडतात. तेव्हाच जायचं असेल तर डोंगरावरचं सगळं सकाळी उरकून घ्या. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत शबरीमलाच्या यात्रेमुळे दक्षिणेच्या गाड्या भरलेल्या असतात, हेही धरून चाला. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये मुन्नारजवळचं एरविकुलम राष्ट्रीय उद्यान रानशेळ्यांच्या विणीसाठी बंद ठेवतात. उन्हाळा तर नकोच. तिकडे किनाऱ्यालगत पारा साधारण ३४-३५ च्या पुढे फारसा जात नाही, आपण ४५ सोसणारे, तेव्हा काय होतंय असं वाटतं. पण त्या दमट हवेत घाम वाळतच नाही, आणि आपली माणसं ४५ पेक्षा तिथे लवकर थकतात.

गाडी

खान्देशाचं भाग्य असं, की केरळला जाणारी गाडी थेट आपल्या दारातून जाते. निजामुद्दीनहून एर्नाकुलमला जाणारी मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस, क्रमांक १२६१८, भुसावळ आणि जळगावला थांबते. मुंबईला जाऊन गाडी बदलायची काही गरज नाही. धुळेकरांनी जळगाव किंवा नाशिक रोड गाठावं, नंदुरबारकरांना जळगाव सोपं. आरक्षण ६० दिवस आधी सकाळी आठला उघडतं. दोन्हीकडची तिकिटं त्या त्या दिवशी काढून टाका. परतीचं राहिलं तर मोठी पंचाईत होते. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं आणि गाड्या सावकाश चालतात, म्हणून निघायच्या आधी वेळ पुन्हा पाहून घ्या.

दोन रात्री आणि मधला एक दिवस गाडीत जातो. तो दिवस वाया गेला असं मानू नका, कारण १९९८ साली पूर्ण सुरू झालेल्या कोकण रेल्वेचा सगळा टप्पा त्याच दिवशी उजेडात येतो. रत्नागिरीच्या आधी करबुडेचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो. पुढे पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच आहे, तेवढ्यापुरतं लेकरांना खिडकीशी बसवा.

डब्यात दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या घ्या. दोन दिवस मऊ राहतात. सोबत शेंगदाण्याची चटणी, ठेचा आणि लोणचं. भरीत नका नेऊ, दुसऱ्या सकाळी आंबतं. आणि एक पिशवी बिबड्यांची ठेवा, ती कशाला ते पुढे सांगतो.

एर्नाकुलम हा कोची शहराचाच भाग, तिथे स्टेशनं दोन आहेत : जंक्शन, म्हणजे तिथल्या बोलीत साउथ, आणि टाउन, म्हणजे नॉर्थ. आपली गाडी जंक्शनला संपते. खोली बुक करताना हे पाहा.

कोची : दोन दिवस

पहिल्या दिवशी फार काही ठरवू नका. आंघोळ, जेवण, झोप, आणि उन्हं उतरली की एर्नाकुलमच्या जेट्टीवरून सरकारी बोटीनं फोर्ट कोचीला. तिकीट अगदी किरकोळ. २०२३ पासून वॉटर मेट्रोही सुरू झाली आहे. ती गार आणि स्वच्छ, म्हातारी माणसं सोबत असतील तर चांगली. पण साध्या बोटीत शाळेची पोरं आणि बाजार करून निघालेल्या बाया शेजारी असतात, मला ती जास्त आवडते.

फोर्ट कोचीच्या किनाऱ्यावरची चिनी जाळी सगळ्यांना फोटोतून माहीत असतात. थोडा वेळ थांबून त्यांचं काम बघा. एक लांब लाकडी दांडा, पुढच्या टोकाला जाळं, मागच्या टोकाला दोरांनी लोंबणारे मोठाले दगड. चार-पाच माणसं दोर ओढतात, दगड खाली येतात आणि जाळं पाण्यातून वर उचललं जातं. आपल्याकडे जुन्या विहिरींवर ओकती असायची, तोच विचार, फक्त अवाढव्य. ओढताना ते तुम्हालाही हाक मारतात. दोर धरलात तर शेवटी थोडे पैसे द्यावे लागतात, ते आधीच ठरवा.

दुसऱ्या दिवशी मट्टनचेरी. ज्यूंचं प्रार्थनास्थळ १५६८ सालचं आहे आणि शनिवारी बंद असतं. शेजारचा राजवाडा शुक्रवारी बंद, आणि त्याच्या भिंतींवरची रामायणाची चित्रं तर चुकवूच नयेत. म्हणून कोचीचे दिवस शुक्रवार-शनिवारी येऊ देऊ नका. पिढ्यान्‌पिढ्या व्यापार करणारे गुजराती लोक इथे राहतात, त्यामुळे ज्यांना कांदा-लसूणही चालत नाही अशा आपल्या मंडळींना पोळी-भाजीचं जेवण इथे सहज मिळतं.

मुन्नार : दोन मुक्काम, एक नाही

कोची ते मुन्नार १३० किलोमीटर, वेळ चार तास, कधी पाच. नेरियमंगलमचा पूल ओलांडला की घाट सुरू होतो. ज्याला घाट लागतो त्याला पुढच्या सीटवर बसवा, रिकाम्या पोटी बसवू नका आणि मोबाइल पाहू देऊ नका. आईसाठी आवळा सुपारी आणि अडिमालीला पंधरा मिनिटांची विश्रांती एवढ्यावर दुसऱ्या वेळी निभावलं.

तोरणमाळ आपण उंच मानतो, ते साधारण ११५० मीटरवर. मुन्नार दीड हजाराच्या वर, आणि जवळचं आनमुडी शिखर २६९५ मीटर, सह्याद्रीच्या सगळ्या रांगेत सर्वांत उंच. जानेवारीत पहाटे कडक थंडी असते. स्वेटर, कानटोपी न्याच.

आनमुडीच्या अंगाखांद्यावरच एरविकुलम आहे. तिकीट ऑनलाइन काढा आणि सकाळची पहिली वेळ घ्या. प्रवेशद्वारापासून उद्यानाच्याच बसनं वर नेतात. वर डांबरी वाटेवर नीलगिरी ताहर, म्हणजे डोंगरी रानशेळ्या, माणसाला न भिता चरत असतात. त्यांना काही खाऊ घालू नका. शनिवार-रविवारी इथे तासन्‌तास रांग लागते, म्हणून मुन्नारही आठवड्याच्या मधल्या दिवसांत बसवा. दर बारा वर्षांनी फुलणारी नीलकुरिंजी २०१८ ला येऊन गेली, ती आता २०३० ला. मधल्या काळात कुणी दाखवतो म्हणाला तर विश्वास ठेवू नका.

दुसऱ्या दिवशीच्या ‘पॉइंट’ दाखवणाऱ्या जीपफेऱ्या सोडून द्या, असं मी म्हणेन. त्यापेक्षा चहाच्या मळ्याच्या कडेच्या रस्त्यानं तासभर चाला. मळ्यात काम करणाऱ्या बहुतेक बाया तमिळ कुटुंबांतल्या, पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेल्या. डोक्याला फडकं, कमरेला गोणपाट, हातात कात्री आणि पाठीला पोतं. डोंगरी भागात प्लास्टिकच्या बाटल्यांवर निर्बंध आहेत, स्टीलची बाटली घरूनच न्या.

कुट्टनाड : खरी गंमत इथे

मुन्नारहून आलेप्पी, म्हणजे आताचं अलप्पुळा, पाच तासांहून जास्त. सकाळी लवकर निघा आणि तो दिवस प्रवासाचाच धरा.

शेतकऱ्यानं केरळात एकच जागा पाहायची ठरवली तर ती कुट्टनाड असावी. वेंबनाड तळ्याच्या कडेला इथली भातशेती समुद्रसपाटीच्याही खाली, काही ठिकाणी दोन मीटरहून खोल आहे. आपण खालचं पाणी पंपानं वर उचलून शेताला देतो. ते बांध घालतात आणि शेतातलं पाणी पंपानं बाहेर, वरच्या कालव्यात टाकतात. बोटीतून जाताना पाणी तुमच्या पातळीला आणि भात तुमच्या पायाखाली असतो. वडील बांधावर उतरून कितीतरी वेळ उभे होते. बांध फुटला तर काय, हा एकच प्रश्न त्यांना पडला होता. बांध फुटतात, पीक जातं, लोक पुन्हा बांधतात. २०१३ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं या शेतीची जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा म्हणून नोंद घेतली.

आता हाउसबोटीबद्दल. घ्यायची असेल तर तीन गोष्टी आधी विचारा. एक, बोट साधारण दुपारी बाराला मिळते आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला काठाला बांधतात, कारण रात्री कोळ्यांची जाळी पाण्यात असतात. म्हणजे चालते फक्त चार-पाच तास. दोन, स्वस्त बोटीत एसी फक्त रात्री चालू करतात. तीन, जेवण काय आणि किती, ते लिहून घ्या. आणि ऑनलाइन फोटोवर जाऊ नका. धक्क्यावर सकाळी जा, बोट आतून पाहा, संडास पाहा, मग पैसे ठरवा.

मी स्वतः सांगेन : काठावरच्या एखाद्या घरगुती मुक्कामात राहा आणि राज्य जलवाहतूक खात्याच्या बोटीनं आलेप्पी ते कोट्टयम जा. अडीच तासांची फेरी, एसटीसारखं तिकीट. दर दहा मिनिटांनी कुणाच्या तरी अंगणाशी बोट थांबते. पोरगी दप्तर घेऊन उतरते, म्हातारा कोंबडी घेऊन चढतो. बायका पायरीवर भांडी घासत असतात. गाव न संपणं म्हणजे काय, ते पाण्यावरूनच नीट कळतं.

बिबड्यांची पिशवी इथे कामी आली. घरच्या आजींना आम्ही ज्वारीचे बिबडे दिले. त्यांनी ते खोबरेल तेलात तळले, एक तुकडा तोंडात टाकला, दुसरा हातात धरून उजेडाकडे नेऊन पाहिला आणि आईला खुणेनं विचारलं, हे कशाचं? आईला ज्वारीचं मल्याळम नाव ठाऊक नव्हतं. तिनं मोबाइलवर कणीस दाखवलं. दोघी मग अर्धा तास स्वयंपाकघरात, एक अक्षर न समजता, बोलत बसल्या.

जेवणाचं

तिथलं जेवण वाईट लागतं अशी तक्रार घेऊन आपली बरीच माणसं परततात. बहुतेक वेळा कारण एकच : पोळी मागतात. पोळी ही तिथली चीज नाही. भाताच्या मुलखात भात आणि तांदळाचे पदार्थ खा. सकाळी पुट्टू, म्हणजे नळीत वाफवलेला तांदळाच्या पिठाचा आणि ओल्या खोबऱ्याचा लांबट दंडगोल, सोबत काळ्या हरभऱ्याची कडला करी. त्या करीत भाजलेल्या खोबऱ्याचा वास येतो आणि आपल्या काळ्या मसाल्याच्या भाजीची आठवण होते. किंवा अप्पम आणि नारळाच्या दुधातला स्ट्यू. दुपारी ‘ऊण्’, म्हणजे जेवणाची थाळी : लालसर जाड मट्टा तांदळाचा भात, सांबार, तोरन, म्हणजे खोबरं घातलेली कोरडी भाजी, पच्चडी, म्हणजे दह्यातली कोशिंबीर, पापड, शेवटी ताक. भात पुन्हा पुन्हा वाढतात. ‘मदी’, म्हणजे पुरे, म्हणेपर्यंत थांबत नाहीत.

टेबलावर गुलाबी, कोमट पाणी आलं तर दचकू नका. ते पतंग या झाडाच्या लाकडाचे तुकडे टाकून उकळलेलं असतं, निर्धोक असतं. पहिल्यांदा आम्ही ते बाजूला सारून बाटलीबंद पाणी मागवलं होतं. आता मी तेच पितो.

मासे खाणाऱ्यांनी केळीच्या पानात भाजलेला करिमीन आणि कप्पा, म्हणजे उकडलेल्या टॅपिओकाबरोबर लाल मीनकरी खावी. आंबटपणा कोकमाच्याच जातीच्या कुडमपुळीचा असतो. शाकाहारी माणसानं मात्र रोज स्पष्ट विचारायला हवं. तिथे एकाच भटारखान्यात मासे, चिकन आणि बीफ शिजतं, आणि त्यात त्यांना वावगं वाटत नाही. नुसतं ‘व्हेज’ म्हणून भागत नाही, ‘शुद्ध शाकाहारी हॉटेल’ असंच शोधा. आणि खोबरेल तेल. दोन दिवस त्याचा वास जाणवतो, तिसऱ्या दिवशी जाणवेनासा होतो.

केळीवाल्या माणसाला मात्र वेफर्सच्या दुकानापुढे थांबावंच लागतं. नेंद्रन केळं वीतभर लांब, कोनदार, जाड सालीचं. तळणारा माणूस सोललेलं कच्चं केळं थेट उकळत्या खोबरेल तेलावर धरून किसणीनं चकत्या पाडत होता. चकत्या कडक होत आल्या तसं त्यानं हळदमिठाचं पाणी कढईतच ओतलं. तेल कढईच्या काठापर्यंत फसफसून वर आलं आणि आम्ही दोघंही मागे सरलो. वडिलांनी टांगलेला घड हातानं तोलून पाहिला. पाच-सहा फण्या, दहा-बारा किलोचा. आपल्याकडे चांगल्या बागेतला घड याच्या दुपटीनं भरतो. पण तिथला किलोचा भाव ऐकल्यावर ते गप्प झाले.

थोडं इकडचं तिकडचं

गुरुवायूर किंवा तिरुवनंतपुरमचं पद्मनाभस्वामी मंदिर करायचं असेल तर पुरुषांना धोतर किंवा मुंडू लागतं आणि सदरा काढावा लागतो. बायकांनी साडी नेसलेली बरी. दर्शनाच्या वेळा दुपारी बंद असतात. कन्याकुमारी तमिळनाडूत आहे. तिरुवनंतपुरमहून नव्वद किलोमीटर, तिच्यासाठी वेगळे दोन दिवस हवेत. या बेतात ती घुसवू नका.

हिंदी हॉटेलांत चालते, कारण वाढणारी पोरं बरीचशी बंगाल-आसामची असतात. तरी चार शब्द पाठ करा. रिक्षावाल्याला चेट्टा, म्हणजे दादा. बाईला चेच्ची, म्हणजे ताई. एत्रा, किती? वेळ्ळम्, पाणी. मीन वेण्डा, मासे नकोत. बसच्या पाट्या बहुतेक मल्याळममध्ये असतात. कंडक्टरला ‘चेट्टा’ म्हणून गावाचं नाव सांगितलं की तो तुमचं गाव आलं की स्वतः उठून हाक मारतो, हा आमचा दर वेळचा अनुभव.

परतायच्या आदल्या रात्री एर्नाकुलमलाच मुक्काम करा. आलेप्पीहून त्याच सकाळी निघून गाडी पकडायला गेलात तर त्या न संपणाऱ्या गावातल्या गर्दीत अडकाल. खरेदी कमी ठेवा. वेलदोडे आणि मिरी घ्या, पण पर्यटकांच्या दुकानांतून नको, गावातल्या साध्या किराणा दुकानातून. वेफर्स डोळ्यांपुढे तळलेले, कागदी पिशवीत गार झाल्यावरच बांधलेले, नाहीतर गाडीत मऊ पडतात.

आणि केळीवाल्यांना एक विनंती. नेंद्रनचा कंद किंवा पील बॅगेत घालून आणायचा मोह होतो. वडिलांनी एका परंबुच्या मालकाकडून तीन पीलं घेतलीही होती, ओल्या फडक्यात गुंडाळून. केरळात केळीवर बंची टॉप नावाचा विषाणूजन्य रोग आहे, पानं शेंड्याला गुच्छ होऊन झाड खुजं राहतं, त्याला औषध नाही आणि तो पिलांतून आणि मावा किडीतून पसरतो. सीएमव्ही या दुसऱ्या विषाणूनं रावेर-यावलच्या बागा उपटाव्या लागलेल्या आपण पाहिल्या आहेत. लावायचंच असेल तर खात्रीच्या प्रयोगशाळेतलं टिश्यूकल्चरचं रोप घ्या. ती तीन पीलं आम्ही एर्नाकुलमच्या लॉजवरून रिक्षा करून त्याच्या परंबुत परत नेऊन दिली. त्यानं ती विहिरीच्या कडेला लावली, आणि वडिलांनीच आळी करून पाणी घातलं.